लग्नाचे केटरर, कार्यालय, फोटोवाले... कसे निवडायचे? (पुणे, मे २०२६)

धाकटी_पाती | ११ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी, ताईचं लग्न ठरलं एकदाचं आणि आता घरात सगळ्यांची झोप उडालीय. आईबाबा सांगलीत, मी बंगळूरला, ताई हिंजवडीत दिवसाचे बारा तास लॅपटॉपसमोर, मुलाकडचे कोथरूडचे, आणि लग्न पुण्यात करायचं ठरलंय. साधारण ३०० माणूस. त्यात १७ मे पासून अधिक ज्येष्ठ लागतोय तो पार १५ जूनपर्यंत, त्यामुळे जो तो एप्रिलमध्ये नाहीतर मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायला बघतोय, कार्यालयवाले फोनवर तारीख ऐकली की आधी हसतातच. एका ठिकाणी मेच्या सुरुवातीची तारीख मिळतेय पण सोमवारपर्यंत टोकन द्या म्हणालेत.

केटररची तीन कोटेशनं आलीत, ताटाला ५२०, ६१० आणि ७५०. मेन्यू बघितला तर तिन्हीकडे तोच, मसालेभात, अळू, बटाटा, जिलबी, मठ्ठा. मग २३० रुपयांचा फरक कशाचा? आणि फोटोवाल्यांचं तर काही कळतच नाही, इन्स्टावर सगळेच भारी, सगळ्यांच्या नवऱ्या सूर्यास्तालाच हसतायत. तुम्ही कसं ठरवलंत, काय काय विचारलंत, कुठे फसलात ते पण सांगा. नावं नकोत, अनुभव सांगा.

पेठेतली_काकू | ११ नोव्हेंबर

अभिनंदन गं! आधी कार्यालय पक्कं कर, कारण अर्धे व्हेंडर कार्यालयच ठरवून टाकतं. काही ठिकाणी त्यांचाच केटरर घ्यावा लागतो, काही ठिकाणी बाहेरचा चालतो पण त्याची रॉयल्टी घेतात, डेकोरेटरची वेगळी. ती कोण भरणार, तू का केटरर, हे आधीच विचारून घे, नाहीतर ६१० चं ताट ६७० ला पडतं आणि कळतं शेवटच्या बिलात.

आणि भाड्याच्या आधी ताबा विचार. ताबा किती वाजता आणि सोडायचं किती वाजता. माझ्या पुतणीच्या लग्नात आदल्या दिवशी संध्याकाळी ५ चा ताबा होता, सीमांतपूजन ७ ला. ५ वाजता गेलो तर आधीच्या पार्टीची पाठवणीच चाललेली, नवरी रडतेय, खोल्यांमधे त्यांच्या बॅगा, बाथरूममधे त्यांचे टॉवेल. मॅनेजर म्हणे अर्धा तास. पावणेसात झाले! आमच्या विहीणबाई सांगोल्याहून आलेल्या, पैठणी नेसून गाडीच्या डिकीत बसून राहिल्या आणि केटररच्या पोरांनी पन्हं तिथे पार्किंगमधे आणून दिलं. ते डिकीतलं बसणं आजही निघतं बोलण्यात, चार वर्षं झाली. तुमची तारीख गर्दीतली आहे म्हणजे आदल्या दिवशीही लग्न असणारच, तेव्हा ताबा वेळेत मिळाला नाही तर काय ते पावतीवर लिहून घे.

वीज बहुतेक कार्यालयांत मीटरप्रमाणे असते. आत शिरताना मीटरचा फोटो काढायचा, निघताना परत काढायचा. जनरेटरचं डिझेल वेगळं. मे महिना आहे, एसी दिवसभर चालणार.

बंड्या_बार्शीकर | ११ नोव्हेंबर

वाचतोय. आमच्याकडे पण डिसेंबरला आहे.

रजिस्टर्ड_सुखी | १२ नोव्हेंबर

स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोटीस द्या, ३० दिवस थांबा, तीन साक्षीदार न्या, सह्या करा, मिसळ खा. एकही व्हेंडर लागत नाही.

धाकटी_पाती | १२ नोव्हेंबर

@रजिस्टर्ड_सुखी, आईला सांगून बघते. सांगितल्यावर तुमच्याकडे राहायला येईन, खोली रिकामी ठेवा.

नाना_वाढपी | १२ नोव्हेंबर

मी २६ वर्षं केटरिंगमधे काढली, आता गुडघ्यांनी संप केला म्हणून धंदा बंद. नातवाने हा धागा दाखवला. ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे, मेन्यू सारखाच मग फरक कुठे, तर तो कागदावर दिसत नाही.

पहिला फरक माणसांचा. १०० पानांची एक पंगत नीट वाढायची तर मी १६ वाढपी ठेवायचो. स्वस्तातला ८ पाठवतो, मग डाव्या बाजूला वरण येईपर्यंत उजव्या बाजूचा भात गार होतो आणि दुसरी जिलबी मागायला पाहुण्याला हात वर करावा लागतो. म्हणून कोटेशनवर पदार्थांच्या खाली वाढप्यांचा आकडा लिहून मागा. दुसरा फरक, जिलबी तिथेच काढणार की सकाळी आणणार. तिसरा तूप, ते मी सांगायला नको. चौथं पाणी आणि पान, ताटात धरलंय की वेगळं.

टेस्टिंगला जाऊ नका असं म्हणत नाही, पण टेस्टिंगला चार माणसांचा मसालेभात असतो आणि चार माणसांचा माझी बायकोही चांगला करते, ३०० चा केला की तळाला लागतो का ते बघायचं असतं. त्यासाठी त्याच्या चालू लग्नात जा. पुढे नाही, मागे जा, भटारखान्यात. बारा-साडेबाराला. मालक तिथे आहे का? वरणाची चव कोण बघतंय? भांडी धुवायला माणूस आहे का, का वाढपीच धुतायत? आणि शेवटच्या पंगतीला काय उरतं ते बघा. पहिली पंगत सगळ्यांचीच चांगली होते हो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, विचारा की आमच्या तारखेला तुमची आणखी किती लग्नं आहेत. तुमची तारीख दाट मुहूर्ताची, त्याच्याकडे एकाच दिवशी तीन-चार कामं असणार, त्यात गैर काही नाही, पण त्याचा मुख्य आचारी एकच असतो. तो कुठे असणार? तुमच्याकडे की ७५० वाल्याकडे? २०१८ ला पण अधिक ज्येष्ठ असाच १६ मे ला लागला होता, त्याआधीच्या एका रविवारी मी पाच कामं घेतली होती. दोन बिघडली. एका मुलीच्या वडिलांनी मला काही न बोलता नुसतं बघितलं होतं, ते अजून आठवतं.

धाकटी_पाती | १२ नोव्हेंबर

नाना, हे प्रिंट काढून बाबांना देतेय. एक विचारू? गॅरंटी म्हणजे नक्की काय, तिघेही ३०० ची गॅरंटी द्या म्हणतायत.

नाना_वाढपी | १२ नोव्हेंबर

गॅरंटी म्हणजे तेवढ्या पानांचे पैसे तुम्ही देणारच, माणसं आली नाहीत तरी. ३०० अपेक्षित असतील तर २५० ची गॅरंटी द्या आणि वरच्या ५० ची तयारी ठेवायला सांगा, जी पानं उठतील त्याचेच पैसे. आडवारी लग्न असेल, मुलाकडचे पुण्याचेच, तर येतो म्हणणारे सगळे येत नाहीत, आणि न सांगितलेले येतात, ते बरोबर भरून निघतं.

मोजणी. बुफेला ताटं मोजून काढायची, सुरुवातीला किती मांडली आणि शेवटी किती कोरी उरली, तुमचा एक आणि त्याचा एक माणूस, दोघांच्या सह्या. तुमचा माणूस म्हणजे नवरीचा बाप नव्हे, त्याला त्या दिवशी शंभर कामं. बँकेतून रिटायर झालेला एखादा काका शोधा, प्रत्येक घरात असतो. फोटोवाले, बँडवाले, ड्रायव्हर, गुरुजी यांची पानं धरायची की नाही हे आधी बोला, भांडणं तिथेच होतात.

रानजाई | १३ नोव्हेंबर

नानांना मम. फोटोवाल्यांचंही सेम आहे, मी अनुभवलंय म्हणून लिहिते. ज्याचं काम बघून भुललो त्याला ॲडव्हान्स दिला, छान मुलगा, दोनदा भेटला, कॉफी प्यायलो. लग्नाच्या दिवशी सकाळी आले ते दुसरेच तिघे, म्हणे सर दुसऱ्या इव्हेंटला आहेत, आम्ही त्यांचीच टीम. कॅमेरे मोठे होते पण त्यांना आपलं लग्न माहीतच नव्हतं. मंगलाष्टका संपत आल्या, शेवटचं सावधान झालं, अंतरपाट खाली गेला आणि त्या क्षणी मुख्य फोटोवाला खाली वाकून लेन्स बदलत होता. माझ्याकडे अंतरपाटाच्या आधीचा फोटो आहे, हार घातल्यानंतरचा आहे, मधला नाहीये. आणि हो, ४२ फोटो नुसत्या चपलांचे आणि मेंदीचे.

म्हणून करारात नाव लिहून घे, शूट कोण करणार, फर्मचं नाव नव्हे, माणसाचं नाव. निवडक ५० फोटो बघू नकोस, कुठल्याही एका लग्नाचा अख्खा अल्बम माग, पहिल्या फोटोपासून शेवटपर्यंत, शक्यतो आपल्याकडच्यासारखं कार्यालयातलं दुपारचं लग्न, ट्यूबलाइट आणि भगव्या पडद्यांमधलं. रिसॉर्टवर संध्याकाळी कोणीही काढतं. आणि घरातलं एक माणूस त्यांच्यासोबत जोडून दे जो सांगेल की ही आत्या, हे मामा, या आजी फार वेळ बसणार नाहीत यांचा आधी काढा. रॉ डेटा (न निवडलेले सगळे मूळ फोटो) मिळणार का, किती महिन्यांत, अल्बमची पानं किती, जास्त पानाचे किती, हे लिहून.

ड्रोन हवंय म्हणत असतील तर आधी नकाशा बघा. ड्रोन रूल्स २०२१ प्रमाणे रेड झोनमधे (नकाशावरच्या लाल भागात) परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि लोहगाव म्हणजे हवाई दलाचा तळ, त्या बाजूचं कार्यालय असेल तर विषयच सोडा.

हिशोबतपासनीस | १३ नोव्हेंबर

थोडं रुक्ष लिहितो. तिन्ही कोटेशनवर जीएसटी धरून की वगळून ते आधी बघा, नाहीतर तुलनाच चुकीची होतेय. कार्यालयात येऊन जेवण करणाऱ्या केटररचा ५ टक्के, कार्यालयाच्या भाड्यावर १८, फोटोवाल्याचा १८. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७५०० च्या वर आहे तिथे जेवणालाही १८. लहान फोटोवाला ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे त्याला नोंदणी सक्तीची नाही, तो जीएसटी लावूच शकत नाही, पण जीएसटीचा १५ अक्षरी नंबर न देता बिलात १८ टक्के लावणारे भेटतात. नंबर दिला तर पोर्टलवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम. केटररकडे १४ आकडी एफएसएसएआय नंबर (अन्न सुरक्षेच्या परवान्याचा) पण मागा.

रोख दिलं तर अमुक कमी करतो, असं सगळेच म्हणतील. तुमची मर्जी, पण मग पावती नाही आणि पावती नाही तर पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर दाखवणार काय? ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत करता येते, पण कागद लागतो. निदान व्हॉट्सॲपवर सगळं लिहून घ्या आणि त्याचं "ओके" येऊ द्या.

कोकणी_वाण | १३ नोव्हेंबर

तुम्हां पुणेकरांचं ऐकून हसू येतं. आमच्या वाडीत (देवगड तालुका) मागच्या वर्षी भावाचं लग्न झालं, दारात मांडव, आचारी मजुरीवर, सामान आपलं, भांडी देवळातली, वाढायला वाडीतली पोरं. आचाऱ्याने यादी दिली, १०० पानांना ९ किलो तांदूळ धरला होता, पुरला. ताट पडलं २०० च्या आत.

पेठेतली_काकू | १३ नोव्हेंबर

अहो पण तुमच्याकडे वाडी आहे! आमच्या सोसायटीतली पोरं वाढायला उभी राहिली तर आधी ग्रुपवर पोल घेतील.

कोकणी_वाण | १३ नोव्हेंबर

ते पण खरं. आणि आमच्याकडे पण वरणात मीठ दोनदा पडलं, दोन काकांनी आपापलं टाकलं. पण तक्रार कोणाकडे करणार, दोघेही मानाचे.

एडिसनची_सई | १४ नोव्हेंबर

मी न्यू जर्सीतून माझंच लग्न पुण्यात ठरवलं, सगळं व्हिडिओ कॉलवर. माझा सल्ला एकच, जो फोनवर "मॅडम काळजीच करू नका, सगळं होऊन जाईल" म्हणतो त्याला सोडून दे, आणि जो उलटे प्रश्न विचारतो की जिना आहे का लिफ्ट, गौरीहर कुठल्या खोलीत, हळद सकाळी की आदल्या दिवशी, त्याला धर. माझी डेकोरेटर बाई स्वतः जाऊन स्टेजची रुंदी मोजून आली होती, मी न सांगता. बाकीच्या चौघांनी मला तेच फोटो फॉरवर्ड केले होते जे मी पिंटरेस्टवर आधीच बघितले होते.

मेकअपवालीला पण तोच प्रश्न विचार, त्या सकाळी दुसरी नवरी आहे का. माझ्या मैत्रिणीची ८ ला संपवून दुसरीकडे पळाली, मुहूर्त १२:२० चा, तोवर मे महिन्यात सगळं खाली वाहून आलं.

फुलपाखरू७ | १४ नोव्हेंबर

डेकोरचं सांगते, मे मधे झेंडू, शेवंती, निशिगंध. हायड्रेंजिया वगैरे पांढऱ्या-निळ्या परदेशी फुलांच्या नादाला लागू नका, गुलटेकडीच्या मार्केटमधून पहाटे आणलेली फुलंही अकरा वाजता मान टाकतात, ही तर काय.

घनपाठी_नव्हे | १५ नोव्हेंबर

गुरुजींना कोणी व्हेंडर धरलंच नाही! त्यांनाही विचारायचं असतं, विधी किती तासांचा, अर्थ सांगत करणार की नुसतं म्हणणार, सामानाची यादी आपण आणायची की ते आणणार, आणि एका मुहूर्तावर दोन लग्नं घेतली नाहीत ना. विवाह नोंदणीचा नमुना ड चा फॉर्म त्याच दिवशी बरोबर ठेवा, त्यावर गुरुजींची सही लागते आणि तीन साक्षीदारांच्या. आम्ही नंतर घेऊ म्हटलं आणि गुरुजी गेले काशीला. ९० दिवसांच्या आत नोंदणी केली नाही तर दंड भरावा लागतो, आम्ही भरला.

स्पीकर रात्री १० ला बंद, ते सगळ्यांना माहितीये तरी संगीतवाले साडेनऊला सुरू करतात. आणि कोणी गाणी वाजवण्याच्या लायसनचे पैसे मागितले तर कॉपीराइट ॲक्ट १९५७ चं कलम ५२ दाखवा, लग्न आणि वरातीत वाजवलेल्या गाण्यांना त्यात सूट आहे. आमच्याकडे मागितले होते, कलम दाखवल्यावर मॅनेजर म्हणाला बघतो, आणि परत विचारलंच नाही.

बंड्या_बार्शीकर | १५ नोव्हेंबर

वेडिंग प्लॅनर घेतला तर हे सगळं तोच बघेल ना?

हिशोबतपासनीस | १५ नोव्हेंबर

बघेल. पण त्याचे व्हेंडर ठरलेले असतात आणि त्याचं कमिशन त्यांच्या दरात असतं. ३०० माणसांना मला तरी गरज वाटत नाही. घरात फोन करायला एकही मोकळा माणूस नसेल तर घ्या.

धाकटी_पाती | १६ नोव्हेंबर

सगळ्यांचे खूप आभार. काल शनिवार होता, आईबाबा सांगलीहून आले, मी पण विमानाने आले आणि आम्ही नानांचं ऐकून ५२० आणि ६१० वाल्यांच्या चालू लग्नात मागच्या दाराने गेलो (७५० वाल्याने येऊ दिलं नाही, म्हणे पॉलिसी नाही). ५२० वाल्याकडे मालक नव्हताच, एक मुलगा मोबाईलवर मॅच बघत होता आणि एक बाई एकटी तीन पातेल्यांकडे बघत होती. ६१० वाला घामाघूम, खांद्यावर टॉवेल, आमच्याशी बोलता बोलता त्याने मठ्ठ्याच्या पिंपात पळी घातली, तळहातावर थेंब घेऊन चाखला आणि ओरडला "अरे आलं कमी!" बाबांनी तिथेच ठरवलं. त्याची त्या दिवशी आणखी दोन कामं आहेत पण आचारी आमच्याकडे, तसं लिहून दिलंय. वाढपी १८. गॅरंटी २५०. कार्यालयाच्या पावतीवर ताबा ४ वाजता, आणि उशीर झाला तर खालचा छोटा हॉल मोकळा करून देणार हे मॅनेजरने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, काकू, तुमच्या विहीणबाईंचा किस्सा सांगितल्यावर!

धाकटी_पाती | १९ मे

झालं! वर आणतेय धागा कारण सांगायलाच हवं. ताबा सव्वाचारला मिळाला. मोजणी रिटायर्ड काकाच करत होते, युनियन बँकेचे, कोऱ्या ताटांवर बोट ठेवून मोजत होते आणि केटररचा मुलगा त्यांच्यामागे "काका बरोबर आहे, काका बरोबर आहे" करत. २८१ पानं उठली आणि फोटो-ड्रायव्हर मंडळींची १६ वेगळी, अर्ध्या दरात, आधीच ठरलेलं. शेवटच्या पंगतीला मी स्वतः बसले, जिलबी गरम होती. फोटोवाला कागदावर नाव होतं तोच आला आणि अंतरपाटाचा फोटो आहे, रानजाई, तुझी आठवण काढली.

मंगलाष्टका चालू असताना लाईट गेले आणि जनरेटर सुरू व्हायला तीन-चार मिनिटं लागली, माइक बंद. हे विचारायचं आम्ही विसरलो होतो की आपोआप सुरू होतो की कोणीतरी खाली जाऊन चालू करतं. सांगलीच्या मामाने माइकशिवायच आवाज लावला आणि शेवटच्या ओळीपर्यंत कोणी कुजबुजलंसुद्धा नाही.

आणि फुलपाखरू७, ताईने हट्ट करून हायड्रेंजिया घेतलीच. साडेदहाला माना टाकल्या. फोटोत सगळ्या स्टेजवर पाठीमागे ती लोंबतायत.

फुलपाखरू७ | १९ मे

:ड

बंड्या_बार्शीकर | १९ मे

आमचं डिसेंबरचं मोडलं, आता यंदाच्या नोव्हेंबरचं बघतोय, मुलगी दुसरी. त्या केटररचा नंबर विपूत (माझ्या विचारपुशीत) द्याल का?

धाकटी_पाती | २० मे

दिलाय. तुळशीच्या लग्नानंतरचे दोन रविवार गेलेत म्हणाला, आजच फोन करा. आणि शनिवारी मागच्या दाराने जाऊन या.